लिनक्सचं बोर्ड पहिल्यांदा चालू करताना: अडकलं कुठं ते कसं ओळखायचं

नांदेड, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर, कुठलंही इंजिनिअरिंग कॉलेज घ्या. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा हंगाम आला, पोरं लिनक्सवर चालणारं तळहाताएवढं कॉम्प्युटर बोर्ड घेऊन बसली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सर, निळे दिवे लुकलुकायलेत, पण स्क्रीनवर काहीच येईना. बोर्ड गेलं का?’

बहुतेक वेळा बोर्ड गेलेलं नसतं. सुरू होता होता ते मधेच कुठंतरी थांबलेलं असतं आणि आपण कुठं थांबलोय हे सांगतही असतं. फक्त ते टीव्हीवर सांगत नाही, तीन वायरींच्या सीरियल पोर्टवर सांगतं. म्हणून बोर्डासोबत आधी कीबोर्ड, माउस, एचडीएमआय केबल घेण्याऐवजी यूएसबी-टू-सीरियल मॉड्यूल, म्हणजे लॅपटॉपची यूएसबी बोर्डाच्या सीरियल पोर्टला जोडणारा छोटा तुकडा, घ्या, असा माझा आग्रह असतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ते सहज मिळतं आणि कुरिअरनं आपल्याकडेही येतं. बोर्डाच्या मानानं त्याची किंमत किरकोळ असते.

समजावायला मी इथं बीगलबोन ब्लॅक घेतलंय. २०१३ साली बाजारात आलेलं हे बोर्ड आता जुनं झालंय. १ गिगाहर्ट्झचा एआरएम कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट रॅम, एवढाच त्याचा संसार. पण त्याच्यावर लिनक्स कसं उभं राहतं हे पायरीपायरीनं बघता येतं. रास्पबेरी पाय जास्त लोकप्रिय आहे, पण शिकायला मला ते थोडं आडवळणाचं वाटतं. त्यात मुख्य प्रोसेसरच्या आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो आणि सुरुवातीचं बरंच काम बंद दाराआड उरकतो.

पहिला प्रश्न असा की लॅपटॉपवर लिनक्स टाकणं सोपं जातं, मग इथंच एवढी खटपट का? लॅपटॉपमध्ये कंपनीनं बायोस किंवा यूईएफआय बसवून दिलेलं असतं. रॅम चालू करणं, डिस्क शोधणं, स्क्रीनवर अक्षरं दाखवणं ही कामं ते करतं आणि मगच लिनक्सला बोलावतं. शिवाय लॅपटॉपच्या आतली बरीचशी उपकरणं विचारल्यावर आपली ओळख सांगतात. बोर्डावर यातलं फारसं काही नसतं. चिपच्या आत कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात (बूट म्हणजे सुरू होणं). बाकी सगळं आपण मेमरी कार्डावर घालून द्यायचं.

आणि खरी मेख रॅमची आहे. बोर्डावर ५१२ मेगाबाइट रॅम आहे खरी, पण वीज दिल्याबरोबर ती वापरता येत नाही. तिच्या कंट्रोलरला वेळेची गणितं, म्हणजे कुठल्या सिग्नलनंतर किती वेळ थांबायचं वगैरे, आधी भरून द्यावी लागतात. ती भरणारा प्रोग्राम ठेवायचा कुठं? तर चिपच्या पोटातच साधारण १२८ किलोबाइटची एक छोटी मेमरी असते, ती पहिल्या क्षणापासून चालू असते. विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा आपण वरून पाइपात घागरभर पाणी ओततो, आणि त्या घागरभर पाण्याच्या जोरावर मोटर विहिरीतलं पाणी ओढायला लागते. इथंही तसंच आहे. बूट रॉम आधी एक चिमुकला प्रोग्राम त्या छोट्या मेमरीत आणतो. त्याला एसपीएल म्हणतात, बीगलबोनवर त्याच्या फाइलचं नाव एमएलओ. एसपीएल मोठी रॅम सुरू करतो आणि तिच्यात यू-बूट नावाचा मोठा लोडर आणतो. यू-बूट लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आणतो आणि कर्नल उरलेली सगळी सिस्टीम. चारही पायऱ्या डोक्यात बसवा: रॉम, एसपीएल, यू-बूट, कर्नल. पुढचं सगळं यांच्यावरच चालतं.

आता कार्ड तयार करू. वेबसाइटवरून उतरवलेली इमेज ही एक फाइल दिसते, म्हणून बरेच जण ती कार्डावर नेहमीसारखी कॉपी करतात. तसं चालत नाही. बूट रॉमला फोल्डर-बिल्डर फारसं कळत नाही. तो कार्डाच्या ठरलेल्या जागा तपासतो: अगदी सुरुवातीला, मग १२८, २५६ आणि ३८४ किलोबाइटवर. नाहीतर कार्डाच्या फॅट पद्धतीच्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, एमएलओ नावाची फाइल बघतो. इमेज म्हणजे अख्ख्या कार्डाची बाइट-बाय-बाइट नक्कल असते, त्यामुळे ती कार्डाच्या पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहावी लागते. त्यासाठी बलेना एचर किंवा रास्पबेरी पाय इमेजर हे प्रोग्राम चांगले. लिनक्सवर असाल तर डीडी ही कमांड आहेच, पण डीडी काही विचारत बसत नाही. तुम्ही कार्डाऐवजी लॅपटॉपच्या डिस्कचं नाव दिलंत तर ती डिस्क पुसायला लागतो. त्याआधी कार्ड काढून एकदा आणि घालून एकदा एलएसबीएलके ही कमांड चालवा. यादीत जे नवीन नाव उगवेल ते तुमचं कार्ड.

लिहून झालं की विंडोज लगेच विचारतं: ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ कारण कार्डावरचं एक्स्ट४, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीचं, पार्टिशन त्याला वाचता येत नाही. कॅन्सल दाबा. इथं ओके दाबून तयार कार्ड पुसणारे दरवर्षी भेटतात आणि मग शिव्या बोर्डाला बसतात.

नकली कार्डांचाही सुळसुळाट आहे. वर ६४ जीबी छापलेलं, आत ८ जीबीच. एचर लिहून झाल्यावर पडताळणी करतो, पण तो इमेजएवढाच भाग तपासतो. कार्ड खरं किती आहे ते बघायला लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही फुकट साधनं आहेत. फक्त ही तपासणी इमेज लिहायच्या आधी करा.

मग सीरियलची जोडणी. तीन वायरी लागतात: ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी). ग्राउंडला ग्राउंड, पण मॉड्यूलचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला आणि मॉड्यूलचा आरएक्स बोर्डाच्या टीएक्सला, कारण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं. बीगलबोनवर सहा पिनांचा जे१ नावाचा हेडर आहे. त्यात पिन १ ग्राउंड, ४ आरएक्स आणि ५ टीएक्स. मॉड्यूलवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असेल तर तो ३.३ वर हवा, ५ व्होल्टचा सिग्नल या बोर्डाला सोसत नाही. लाल वायर, म्हणजे ५ व्होल्टची, मोकळीच राहू द्या. बोर्डाला वीज त्याच्या स्वतःच्या वाटेनं मिळते.

बोर्डाचं बोलणं वाचायला लॅपटॉपवर टर्मिनलचा प्रोग्राम लागतो: विंडोज असेल तर पटी, लिनक्स असेल तर पिकोकॉम किंवा मिनिकॉम. वेग ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. हे शेवटचं लोक विसरतात. ते चालू राहिलं तर बोर्डाचं सगळं दिसतं, पण तुम्ही टाइप केलेलं एक अक्षरही पलीकडे जात नाही. लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर स्वतःला डायलआउट या, सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या, ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. स्क्रीनवर चित्रविचित्र चिन्हं येत असतील तर वेग चुकलाय. काहीच येत नसेल तर टीएक्स-आरएक्स अदलाबदल करून बघा. एवढ्यानं बोर्ड जळत नाही.

विजेबाबत एकच सांगतो, पण ते नीट ऐका. बीगलबोनची गोल पिन ५ व्होल्टची आहे. घरातल्या वायफाय राउटरच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या अडॉप्टरची पिन बऱ्याचदा तशीच असते, अगदी नीट बसते, आणि त्यावर १२ व्होल्ट असतात. पिन बसली म्हणून लावू नका, अडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. लॅपटॉपच्या यूएसबीवरून वीज दिली तर साधारण ५०० मिलिअँपिअरच मिळतात. बोर्डाला तेवढ्यावर भागवता येतं, पण वायफायचा डोंगल लावला की ते अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतं.

कार्ड घातलं तरी बीगलबोन आधी स्वतःच्या आतल्या ईएमएमसी मेमरीकडे बघतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथं कारखान्यातून आलेली जुनी सिस्टीम असते, तीच सुरू होते आणि ‘मी नवीन इमेज टाकली तरी जुनंच येतंय’ अशी तक्रार येते. कार्डावरून सुरू करायचं तर एस२ हे बटन दाबून धरून वीज द्यायची. इथं एक बारीक गोष्ट आहे. रीसेट बटनानं हे होत नाही. एस२ दाबलंय की नाही हे चिप फक्त वीज येण्याच्या क्षणी वाचते, म्हणून वीज पूर्ण काढून परत लावावी लागते. दाबलेलं असलं की रॉम ईएमएमसी सोडून देतो आणि बाकीच्या वाटांसोबत कार्ड तपासतो.

आता टर्मिनल उघडं ठेवून वीज द्या आणि बघा काय येतं.

नुसतंच ‘सीसीसीसी’ येत राहिलं, म्हणजे रोमन लिपीतलं सी हे अक्षर ओळीनं, तर खुशाल आनंद माना. बूट रॉम जिवंत आहे, तुमच्या वायरीही बरोबर आहेत. त्याला कार्डावर एसपीएल सापडला नाही, म्हणून तो सीरियलवरूनच पहिला प्रोग्राम पाठवा असं सांगतोय. म्हणजे कार्ड नीट लिहिलं गेलेलं नाही, किंवा खाचेत नीट बसलेलं नाही. काढा, परत लिहा.

‘यू-बूट एसपीएल’ अशी ओळ दिसली आणि तिथंच थांबलं तर पहिली पायरी पार झाली, पण पुढचं यू-बूट सापडलं नाही किंवा खराब निघालं. दुसऱ्याच बोर्डासाठीची इमेज टाकली असेल तर हे होऊ शकतं, कारण एसपीएल रॅमला जी वेळेची गणितं भरतो ती त्या-त्या बोर्डाची असतात.

त्यानंतर यू-बूट स्वतः येतं आणि काही क्षण उलटी मोजणी करतं. तेवढ्यात स्पेस किंवा कुठलीही की दाबली की ते थांबतं आणि प्रॉम्प्ट देतं. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी उभा केलेला हा लोडर आज राउटरपासून कारखान्यातल्या कंट्रोलरपर्यंत सगळीकडे सापडतो, त्यामुळे इथं घालवलेला वेळ वाया जात नाही. प्रिंटएन्व्ह टाइप केलं की ते कर्नलला कुठल्या सूचना देणार आहे ते दिसतं. या सूचनांना बूटआर्ग्ज म्हणतात, आणि पहिल्या बूटमधली निम्मी भानगड त्यांच्यात असते.

ती कशी, ते ‘स्टार्टिंग कर्नल’ या ओळीशी आलं की कळतं. ही ओळ येते आणि पुढं काहीच येत नाही. इथं बहुतेकांचा धीर सुटतो. पण हे का होतं ते समजून घ्या. आतापर्यंत सीरियलवर यू-बूट बोलत होतं. आता ते निघून गेलं आणि कर्नल आलं. कर्नलनं कुठल्या पोर्टवर बोलायचं हे बूटआर्ग्जमधल्या ‘कन्सोल’ या सूचनेत लिहिलेलं असतं. तिथं पोर्टचं नाव चुकलं असेल तर कर्नल व्यवस्थित चालतं, पण भलत्याच पोर्टवर बोलतं. बीगलबोनमध्ये तर याला इतिहास आहे: जुन्या कर्नलमध्ये या पोर्टचं नाव टीटीवायओ० होतं, नव्या ड्रायव्हरमध्ये ते टीटीवायएस० झालं. जुना लेख वाचून बूटआर्ग्ज लिहिले की शांतता. जुनं नाव सांभाळून घेण्याची सोय नव्या कर्नलमध्ये आहे, पण ती चालू केलेली असेलच असं नाही.

शांततेचं दुसरं कारण डिव्हाइस ट्री. आधी म्हटलं तसं, लॅपटॉपमधली पीसीआय किंवा यूएसबीवरची उपकरणं स्वतःची ओळख देतात. पण बोर्डावर आय२सी नावाच्या दोन वायरींच्या जोडणीवर बसलेला तापमानाचा सेन्सर गप्प असतो. कोणत्या पत्त्यावर कोणती चिप आहे, कुठली पिन कशाला जोडली आहे, याचा नकाशा कर्नलला बाहेरून द्यावा लागतो. पूर्वी प्रत्येक बोर्डाचा नकाशा कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेला असायचा. एआरएमची बोर्डं एवढी वाढली की त्या कोडचं जंगल झालं, आणि २०११ मध्ये लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स त्यावर जाहीरपणे वैतागले. त्यानंतर एआरएमच्या लोकांनी नकाशा कोडमधून बाहेर काढून डीटीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला सुरुवात केली. फायदा असा की एकच कर्नल अनेक बोर्डांवर चालतं. तोटा असा की फाइल चुकीची दिली तर कर्नल नसलेल्या वस्तू शोधत बसतं. बीगलबोन ब्लॅकसाठी बोनब्लॅक नावाची डीटीबी हवी, नुसत्या बोनची नको.

आणि मग सगळ्यात कुप्रसिद्ध ओळ: ‘कर्नल पॅनिक’. नाव भीतीदायक असलं तरी ही ओळ मला तरी आवडते, कारण ती स्पष्ट बोलते. पहिल्या बूटमध्ये तिच्यासोबत बहुधा ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं येतं. म्हणजे कर्नल पूर्ण चालू आहे, पण ज्या पार्टिशनवर बाकीची सिस्टीम आहे ते त्याला सापडत नाही. त्याच्या थोडं वर बघा, कर्नल आपल्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादीच देतं. कार्ड आणि ईएमएमसी यांचे नंबर कर्नलच्या आवृत्तीनुसार इकडचे तिकडे होऊ शकतात, म्हणून बूटआर्ग्जमध्ये नंबराऐवजी पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, देणं चांगलं. तो कार्डावरच्या पार्टिशन टेबलवरून ठरतो, कर्नलच्या आवृत्तीनुसार बदलत नाही. कार्ड जागं व्हायला क्षणभर वेळ घेतं, त्यामुळे ‘रूटवेट’ हा शब्दही तिथं असू द्या.

सुरुवातीच्या त्या निळ्या दिव्यांकडे वळू. बीगलबोनवर चार निळे दिवे असतात. पहिला कर्नल चालू असताना धडधडतो: दोनदा लुकलुक, मग विश्रांती, परत दोनदा. दुसरा कार्डाच्या हालचालीला, तिसरा प्रोसेसरच्या कामाला, चौथा ईएमएमसीला. पहिला दिवा असा धडधडत असेल तर कर्नल चालू आहे, याबद्दल शंका नको. ‘बोर्ड गेलं का’ विचारणाऱ्या पोरांचं बोर्ड बऱ्याचदा लॉगिन मागत बसलेलं असतं. त्यांनी डेस्कटॉप नसलेली इमेज टाकलेली असते, किंवा एचडीएमआयवरून जुन्या व्हीजीए मॉनिटरला जोडणारा कन्व्हर्टर साथ देत नसतो.

लॉगिनचं नाव आणि पासवर्ड इमेजच्या पानावर दिलेला असतो. पहिलं काम पासवर्ड बदलणं. नेटवर असलेल्या बोर्डाचा मूळ पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असतो. याच कारणानं रास्पबेरी पायवाल्यांनी एप्रिल २०२२ मध्ये ठरलेलं ‘पाय’ हे नाव काढूनच टाकलं. आता युजर आपणच तयार करायचा.

पहिल्या बूटला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. इमेज लहान असते आणि कार्ड मोठं, त्यामुळे बऱ्याच इमेज पहिल्यांदा चालू झाल्यावर पार्टिशन कार्डभर पसरवतात. नेटवरून सुरक्षितपणे लॉगिन करायच्या एसएसएचच्या किल्ल्याही तेव्हाच तयार होतात. या वेळात वीज काढू नका.

लॉगिन झालं, नेट जोडलं, अपडेट चालवलं आणि सर्टिफिकेटच्या, म्हणजे वेबसाइटच्या ओळखपत्राच्या, किंवा ‘अजून वैध नाही’ अशा एररी आल्या, तर डेट ही कमांड टाकून बघा. लॅपटॉपसारखी घड्याळाची बॅटरी या बोर्डावर नसते. वीज गेली की वेळ गेली. कुणाचं बोर्ड १ जानेवारी १९७० दाखवतं, कुणाचं इमेज तयार झाली त्या दिवसाची तारीख. बोर्डाच्या मते आजचं सर्टिफिकेट भविष्यातलं असतं, म्हणून ते नाकारतं. नेटवरून वेळ आपोआप जुळते, पण कॉलेजच्या नेटवर्कवर १२३ नंबरचा पोर्ट बंद असेल तर जुळत नाही. मग हातानं तारीख घाला, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा. बोर्ड शेतात ठेवायचं असेल आणि तिथं नेट नसेल तर डीएस३२३१ हे बॅटरीवालं घड्याळाचं मॉड्यूल आय२सीवर लावा, नाहीतर ठिबकचं वेळापत्रक आणि नोंदी दोन्ही भरकटतील.

आपल्याकडे याच्याहून मोठी अडचण लाईटची. शेतीच्या फीडरला लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आणि मधे किती वेळा जाईल याचा नेम नाही. एक्स्ट४ फाइलसिस्टीम आपल्या बदलांची आधी वहीत नोंद करते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी रचना सहसा वाचते. पण कार्डाच्या आत स्वतःचा एक कंट्रोलर असतो, तो माहिती इकडून तिकडे हलवत असतो, आणि नेमक्या त्या वेळी वीज गेली तर तुम्ही महिनाभर हात न लावलेली फाइलही खराब होऊ शकते. त्यावर एक्स्ट४ काही करू शकत नाही. उपाय एकच: कार्डावर लिहिणं कमी करा. सिस्टीमचं पार्टिशन फक्त वाचण्यासाठी ठेवा आणि बदल रॅममध्ये जाऊ द्या. याला ओव्हरले म्हणतात, रास्पबेरी पायवर रास्पी-कॉन्फिगमध्ये त्याचा पर्यायच आहे. सिस्टीमडी, म्हणजे लिनक्सच्या सेवा चालवणारा प्रोग्राम, याच्या लॉगच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ समोर ‘व्होलटाइल’ लिहा, म्हणजे लॉगही रॅममध्येच राहतील. सेन्सरच्या नोंदींसाठी वेगळं छोटं पार्टिशन करा आणि दर सेकंदाला लिहिण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटांच्या नोंदी एकदम लिहा. लाईट गेली तर तेवढ्याच जातील. आणि बोर्ड समोर टेबलावर असेल तर प्लग उपटू नका, पॉवरऑफ टाइप करून चारही दिवे विझेपर्यंत थांबा.

एवढं करूनही अडलंच आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. पटीमध्ये लॉगिंगचा पर्याय आहे, पिकोकॉमला लॉगफाइल देता येते. वीज देण्याच्या आधी ते चालू करा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंतची अख्खी फाइल पाठवा. शेवटची ओळ फक्त कुठं अडलं ते सांगते. का अडलं ते बहुधा दहा-वीस ओळी आधीच येऊन गेलेलं असतं.